कोकीळ गायक पक्षी नाही आणि कावळा आहे, हे कसे?

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. शाळेच्या प्रकल्पासाठी सहावीतल्या मुलीने 'महाराष्ट्रातले गायक पक्षी' अशी यादी केली. त्यात कोकीळ, पावशा, दयाळ, बुलबुल, पोपट आणि मोर होते. घरी आलेल्या एका पक्षीनिरीक्षक नातेवाइकाने कोकीळ, पावशा, पोपट आणि मोर खोडले आणि त्यांच्या जागी कावळा आणि चिमणी लिहिले. मुलगी रडकुंडीला आली. आई विचारते आहे की बरोबर कोण, 'कोकिळा गाते' म्हणणे चूक आहे का, आणि आता वहीत लिहायचे काय?

ताई, दोघेही बरोबर आहेत. 'गायक पक्षी' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या कामांना जुंपतो, म्हणून हा घोळ होतो. मुलीने कानाने यादी केली: ज्याचा आवाज गोड किंवा लक्षात राहणारा तो गायक. नातेवाइकांनी कुळ पाहिले. पक्षीशास्त्रात इंग्रजीतल्या 'सॉंगबर्ड'चा अर्थ आवाजाच्या गोडीवर ठरत नाही. ते एका मोठ्या वंशाचे नाव आहे. त्या वंशात जन्मलेला पक्षी बेसूर असला तरी सॉंगबर्ड, आणि त्या वंशाबाहेरचा कितीही सुरेल असला तरी नाही. फक्त हे वर्गीकरण मुलीला न सांगता तिची नावे खोडली, ते मला पटले नाही. मुलाला आधी कारण सांगावे, मग खोडरबर हातात घ्यावे.

जगात पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती आहेत. त्यांतल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ६,००० च्या वर, एकाच गणात मोडतात. त्या गणाचे नाव पॅसेरिफॉर्मीस. पॅसर म्हणजे चिमणी, तेव्हा हा चिमणीच्या नावाने ओळखला जाणारा गण. या गणातले पक्षी पायावरून ओळखता येतात: तीन बोटे पुढे, एक मागे, आणि चारही एकाच पातळीवर. कोकिळाचा पाय पाहिलात तर दोन बोटे पुढे आणि दोन मागे दिसतील. म्हणजे कोकीळ गायक आहे की नाही, या प्रश्नाच्या आधीच तो या गणातून बाहेर पडतो. या गणाचा सगळ्यात मोठा उपगण म्हणजे सुमारे ५,००० जातींचे सॉंगबर्ड, शास्त्रीय भाषेत ऑस्किन. आजच्या डीएनए अभ्यासानुसार या वंशाचे मूळ ऑस्ट्रेलियाच्या भूभागात आहे. तिथून ते जगभर पसरले.

ऑस्किन या नावात कावळ्याचा जुना हक्क आहे. रोमन लोक पक्ष्यांवरून शकुन पाहत. ज्यांच्या उडण्यावरून शकुन घ्यायचा ते एका वर्गात आणि ज्यांच्या आवाजावरून घ्यायचा ते दुसऱ्या. आवाजाच्या वर्गाला ते ऑस्किनेस म्हणत आणि त्यात कावळा, त्याचाच थोराड भाऊबंद रेव्हन, घुबड असे पक्षी होते. दारात कावळा कोकलला की पाहुणा येणार, हे आपल्याकडे आजीच्या तोंडी असतेच. तेव्हा आवाजावरून शकुन सांगणारा पक्षी ही कल्पना आपल्याला परकी नाही. पुढे शास्त्रज्ञांनी हेच नाव उचलले. त्यातला कावळा राहिला, घुबड मात्र बाहेर गेले.

आता वंश ठरतो कशावरून? दोन गोष्टी महत्त्वाच्या: आवाजाचे इंद्रिय आणि मेंदू.

आपला आवाज घशाच्या वरच्या भागातल्या स्वरयंत्रात तयार होतो. पक्ष्यांचा आवाज छातीजवळ, श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागते तिथे तयार होतो. त्या इंद्रियाला सिरिंक्स म्हणतात, मराठीत शब्दिनी. ती दोन नळ्यांच्या तोंडाशी असल्यामुळे गायक पक्षी डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी चालवू शकतो आणि एकाच वेळी दोन स्वर काढू शकतो. कबुतराच्या शब्दिनीला स्नायू मोजकेच असतात. गायक पक्ष्यांत त्यांच्या कितीतरी जास्त जोड्या असतात आणि त्यांवर त्यांचा ताबा विलक्षण असतो. कावळ्याची शब्दिनी उघडून पाहिली तर ती याच भरघोस स्नायूंच्या घडणीची निघते. हत्यार तेच आहे, तो ते वापरतो वेगळ्या कामाला.

पण मला विचाराल तर गायक पक्ष्याची खरी ओळख शब्दिनीपेक्षा त्याच्या शिकण्यात आहे. हा मुद्दा मुलीला नक्की सांगा, कारण तो समजला की बाकीची सगळी खोडाखोड आपोआप कळते.

गायक पक्ष्याचे पिल्लू गाणे घेऊन जन्माला येत नाही. ते ऐकते, लक्षात ठेवते आणि मग घोकते. १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच या चिमणीएवढ्या पक्ष्याची पिल्ले मोठ्यांच्या आवाजापासून दूर वाढवली. ती मोठी झाल्यावर गायली, पण ते गाणे साधे, तुटक, जातीच्या नेहमीच्या गाण्याचा सांगाडा असल्यासारखे होते. योग्य वयात ज्यांना गाणे ऐकवले ती नीट गायली. पुढे मासाकाझू कोनिशी यांनी १९६५ मध्ये दाखवले की गाणे पक्के होण्याआधीच ऐकण्याची क्षमता गेली तर पक्ष्याला गुरूचे गाणे ऐकलेले असूनही ते जुळवता येत नाही. म्हणजे गुरूचे ऐकणे पुरत नाही, स्वतःचेही ऐकावे लागते. १९६० च्या दशकात पीटर मार्लर यांनी कॅलिफोर्नियातल्या एका चिमणीवर्गीय पक्ष्याच्या बोलींचा अभ्यास केला. थोड्या थोड्या अंतरावर राहणाऱ्या एकाच जातीच्या पक्ष्यांची गाणी वेगळी. शिकावे लागते म्हणूनच बोली तयार होतात.

हा रियाज तुम्हाला तुमच्या अंगणातही ऐकता येईल. पावसाळा सरता सरता, ज्या बागेत दयाळ किंवा चीरक यांची घरटी होती तिथे दाट झुडपाजवळ थांबा. आतून कुणीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखा आवाज येतो. चोच जवळजवळ बंद, आवाज अगदी बारीक, मध्येच एखादा ओळखीचा तुकडा आणि पुन्हा गोंधळ. ते यंदाचे पिल्लू असते. संगीतात नवशिका जसा पलटे घोटतो तसे ते घोटत असते. पक्षीशास्त्रात त्याला सबसॉंग म्हणतात. पुढच्या टप्प्यात तुकडे स्पष्ट होतात पण क्रम बदलत राहतो, आणि विणीचा हंगाम आला की गाणे ठरून जाते. हा ठरण्याचा क्षण ऐकायला मिळणे, याच्याइतका आनंद मला दुर्मीळ पक्षी पाहूनही झालेला नाही.

आता कोकीळ घ्या. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या घरट्यात, पिल्लाला भरवतात कावळे. आई-बाप त्याला काही शिकवत नाहीत. ते दिवसभर कावकाव ऐकते. तरी मोठे झाल्यावर नर कुहूकुहूच करतो. संस्कृतात कोकिळाला परभृत म्हणतात, दुसऱ्याने पोसलेला. आणि हे परभृत असणेच त्याचे गाणे उपजत असल्याचा पुरावा आहे. ते ऐका: 'कुऊऽ' खालच्या पट्टीत सुरू होते, प्रत्येक 'कुऊऽ' आधीपेक्षा चढा, सात-आठ वेळा असे चढत चढत टिपेला जाते आणि एकदम तुटते. थोडा वेळ शांतता, की पुन्हा खालून सुरुवात. रत्नागिरीचा कोकीळ आणि नागपूरचा कोकीळ यांत तुम्हाला बोलीचा फरक सापडणार नाही. पावशाचेही तेच. तो कोकिळाच्याच कुळातला, अंडी सातभाईंच्या घरट्यात. मे-जूनमध्ये शेतकऱ्याला 'पेरते व्हा, पेरते व्हा' ऐकू येते ते त्याला कुणी शिकवलेले नसते. चातकही याच कुळातला आणि याच रीतीचा.

म्हणून कोकीळ वाईट गायक ठरत नाही. त्याचा आवाज हा एक सुंदर, उपजत आवाज आहे. एवढेच, की तो सॉंगबर्ड नाही.

आणि कावळा? लोकांना हे पचत नाही, कारण कावळ्याची फक्त कावकाव आपण ऐकतो. उन्हाळ्याच्या दुपारी सावलीत बसलेल्या कावळ्यांच्या जोडीकडे नीट लक्ष द्या. एक मान वाकवतो, दुसरा त्याच्या मानेवरची पिसे चोचीने सारखी करतो आणि त्या वेळी हळू, गुळगुळीत 'कुर्र्, घुर्र्' असे आवाज येतात. चारचौघांत ओरडणारा हा पक्षी खासगीत किती वेगळा बोलतो, ते कळते. कावळे आवाज शिकतात, नकला करतात. सगळ्यात मोठा गायक पक्षी कोण असे विचारले तर उत्तर कावळ्याच्याच कुळातले येते: रेव्हन.

बाकीची नावे झटपट लावून घेऊ. बुलबुल, दयाळ, चिमणी, साळुंकी, सुगरण, सातभाई, कोतवाल, खाटीक, हळद्या, नाचण, धोबी, चंडोल, शिंपी, वटवट्या, चष्मेवाला, हे सगळे गायक पक्षी. सातभाईंचा कलकलाट ऐकून कुणी गाणे म्हणणार नाही, पण वंश तोच. शिंजीरही गायक पक्षीच आहे. त्याला आपल्याकडे पुष्कळ लोक हमिंगबर्ड म्हणतात, ते चूक. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. तांबट दुपारभर 'टुक टुक' करतो, पण तो सुतारांच्या नातलगांपैकी. खंड्या, वेडा राघू, भारद्वाज, टिटवी, मोर, कबुतर, घुबड गायक पक्षी नाहीत. पोपटाचे मात्र तुमच्या मुलीने विचारले तर सांगा की तो आवाज शिकतो, तरी सॉंगबर्ड नाही. शिकण्याची ही देणगी पक्ष्यांत प्रामुख्याने तीन घराण्यांकडे आहे: गायक पक्षी, पोपट आणि हमिंगबर्ड.

एक पक्षी या यादीत अगदी काठावर बसतो आणि मला तो फार आवडतो: नवरंग. पावसाच्या तोंडावर कोकणातल्या आणि विदर्भातल्या जंगलांत येतो, पहाटे आणि संध्याकाळी दोन सुरांची स्वच्छ शीळ घालतो. तमिळमध्ये त्याचे नाव आहे 'आरुमणी कुरुवी', सहा वाजताचा पक्षी. तो पॅसेरिफॉर्मीसमध्ये आहे, पाय तसाच, पण ऑस्किन नाही. त्याच्या उपगणातल्या बहुतेकांची शीळ उपजत असते. ज्यांना वाटते की चिमणीच्या गणातला प्रत्येक पक्षी गायक, त्यांच्यासाठी नवरंग लक्षात ठेवावा.

'गाणे' हा शब्द कधी वापरायचा हेही यातच येते. गायक पक्षी सतत गात नसतो. आम्ही बोलताना सरळ सॉंग आणि कॉल म्हणतो. मराठीत गाणे आणि हाक म्हणा. गाणे लांब, बांधलेले, मुख्यतः विणीच्या हंगामातले: ही जागा माझी आहे आणि मी जोडीदार म्हणून उपलब्ध आहे. हाक छोटी, बारमाही: शिकारी आला, इकडे खायला आहे, कुठे आहेस. दयाळावर हा फरक सगळ्यात चांगला दिसतो. मार्च उजाडला की नर इमारतीच्या टोकावर किंवा विजेच्या खांबावर जाऊन बसतो. काळा-पांढरा, शेपटी वर-खाली. एक शीळ टाकतो, दोन-तीन सेकंद थांबतो, दुसरी टाकतो, पहिल्यासारखी नसलेली. पलीकडच्या गल्लीतला दयाळ त्या मधल्या जागेत उत्तर देतो. मध्येच दुसऱ्या पक्ष्याचा एखादा तुकडा उचलून आपल्या गाण्यात घालतो. हाच दयाळ डिसेंबरात त्याच बागेत असतो, पण खाली कुंपणाशी, आणि एक करवादलेला 'चर्र्' किंवा उदास 'स्वीऽ' सोडून काही बोलत नाही. लोक म्हणतात पक्षी गेला. तो गेलेला नसतो. फक्त गाण्याचे दिवस गेलेले असतात.

हाकांतही बारकावे आहेत. शिक्रा डोक्यावरून गेला की लहान पक्षी बारीक, उंच, ओढलेला 'स्सीऽ' काढतात. तो कुठून आला ते कळत नाही, शिकाऱ्यालाही नाही. पण झाडावर बसलेले घुबड सापडले की तेच पक्षी खरखरीत, तुटक आवाज करतात, म्हणजे जागा सगळ्यांना कळावी आणि सगळ्यांनी मिळून त्याला हुसकावे.

आता 'कोकिळा गाते'. गातो तो नर, कोकीळ: काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज तीक्ष्ण 'किक्-किक्-किक्'. बोलीभाषेत 'कोकिळा गाते' म्हटले तर कुणाचे बिघडत नाही. लतादीदींना गानकोकिळा आणि सरोजिनी नायडूंना भारत कोकिळा म्हणतो, ते राहू द्या. पण विज्ञानाच्या वहीत 'कोकीळ' लिहावे.

मात्र यावरून 'नर गातात, माद्या गप्प' असा नियम मुलीला शिकवू नका. तो जुना समज आहे आणि बराचसा युरोप-उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांवरून झालेला. २०१४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात ज्या गायक पक्ष्यांची माहिती तपासली त्यांतल्या ७१ टक्के जातींत मादीही गाते असे आढळले, आणि या वंशाच्या मूळ पूर्वजांतही माद्या गात असाव्यात असा निष्कर्ष निघाला. दयाळाची मादीसुद्धा नर जवळ असताना थोडे गाते. आपल्याकडच्या किती माद्या गातात, यावर लक्ष देऊन नोंदी केल्या तर शाळकरी मुलेही खरी भर घालू शकतील.

मराठी या बाबतीत गरीब नाही. आपली क्रियापदे कामाची वाटणी छान करतात. कोंबडा आरवतो, पारवा घुमतो, चिमणी चिवचिवते, टिटवी ओरडते, कावळा कोकलतो, मोराचा केकारव होतो, कस्तूर शीळ घालतो. 'गातो' हे क्रियापद आपण मुळात राखूनच वापरत आलो. सगळ्यांना 'गायक' म्हणण्याची घाई पाठ्यपुस्तकी भाषांतरांनी केली. बुलबुलाचे उदाहरण आणखी वेगळे आहे. फारसी काव्यातला गुलाबाच्या बागेतला बुलबुल म्हणजे नाइटिंगेल. ते नाव इथे आले आणि एका अगदी वेगळ्या कुळातल्या, तुरेवाल्या पक्ष्याला चिकटले. आपला लालबुड्या बुलबुल गोड बोलतो, पण त्या काव्यातली रात्रभर चालणारी तान त्याची नाही. भाषांतर करताना हे ध्यानात असू द्यावे.

'गायक पक्षी' या शब्दाचा एक तिसरा अर्थही आहे, बाजारातला. तिथे सॉंगबर्ड म्हणजे पिंजऱ्यात गाणारा पक्षी. शामा त्याचा बळी आहे. कोकण आणि विदर्भाच्या जंगलात राहणारा, लांब शेपटीचा, माझ्या मते आपल्याकडचा सर्वांत समृद्ध गळ्याचा पक्षी. जगात पक्ष्याच्या गाण्याचे पहिले ज्ञात ध्वनिमुद्रण १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कॉख या लहान मुलाने केले, ते घरी पाळलेल्या शामाचेच. आज इंडोनेशियात पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धांसाठी शामा आणि दयाळ इतके पकडले गेले आहेत की जावामधली कितीतरी जंगले त्यांच्यावाचून मुकी झाली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी पक्षी पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे, तरी मैना आणि मुनिया छुप्या बाजारात दिसतात. मुलीच्या प्रकल्पात पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा फोटो नको, एवढी विनंती.

वहीत काय लिहायचे? मुलीची मूळ यादी जशीच्या तशी ठेवा आणि तिला 'सुस्वर किंवा लक्षवेधी आवाजाचे पक्षी' असे शीर्षक द्या. तिच्यासमोर दुसरी यादी करा, 'गायक पक्षी (शास्त्रीय वर्गीकरण)'. दयाळ आणि बुलबुल दोन्हींत येतील, कोकीळ आणि पावशा फक्त पहिलीत, कावळा फक्त दुसरीत. खाली दोन ओळींत कारण: कोकिळाचे गाणे उपजत, दयाळाचे शिकलेले. शिक्षकांनी शंका काढली तर पायाच्या बोटांचे चित्र दाखवा, ते वादाला जागा ठेवत नाही.

आवाज ओळखायला मर्लिन हे मोफत ॲप मोबाइलवर चालते आणि झेनो-कँटो या संकेतस्थळावर जगभरची ध्वनिमुद्रणे आहेत. ॲपने सुचवलेले नाव पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नका. कोतवाल, खाटीक आणि हरेवा दुसऱ्यांच्या नकला करून ॲपलाही फसवतात. आणि ही मुद्रणे घरात ऐका, बागेत मोठ्याने लावू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटते की प्रतिस्पर्धी घुसला. तो घरटे आणि पिल्ले सोडून स्पीकरभोवती फिरत राहतो, दमतो, आणि तेवढ्यात कावळा घरट्यापाशी पोचलेला असतो. पहाटे साडेपाचला गच्चीवर नुसते बसलात तरी एप्रिलमध्ये दयाळ, शिंपी आणि बुलबुल एवढे तरी ऐकू येतील, आणि पहिल्याच आठवड्यात मुलगी तिघांना न पाहता ओळखू लागेल.